प्रिंटर आणि बारापर्यंतचं मौन

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे मला तोंड उघडायला अजून दोन तास पन्नास मिनिटं अवकाश होता.

उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. यात मोठेपणा काही नाही. कुणी सकाळी फिरायला जातं, मी गप्प बसते, एवढंच. देवापुढे दिवा लावायचा, जप करायचा आणि नंतर हात चालू ठेवून जीभ बंद ठेवायची. सुरुवातीला घरच्यांना वाटलं, मी रागावले आहे. रागावलेली नाही हे कळल्यावर ते जास्त घाबरले. आता सगळ्यांना सवय झाली आहे. दूधवाल्याच्या मते तर अख्ख्या इमारतीत माझ्याइतकं समजूतदार गिऱ्हाईक नाही.

तर फोन सासूबाईंनी घेतला. त्यांना फोनचं बटण दिसत नव्हतं, पण आवाजाच्या दिशेनं अंगठा बरोबर जायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली होती, आणि त्या चार महिन्यांचा मी मनातून धसका घेतला होता. आदल्या आठवड्यात जिना संपला असं समजून त्यांनी शेवटून दुसऱ्या पायरीवरून पाय पुढे टाकला होता. नशीब, खाली फक्त शेजाऱ्यांच्या चपला होत्या. शिवाय वाचनाचं दुःख होतंच. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची, पण बारानंतर. "सगळ्या जगाला सकाळी कळतं," त्या म्हणायच्या, "मला जेवणाबरोबर कळतं. तोवर निम्मं जग बदललेलं असतं."

फोनवरची बाई म्हणाली, परवाच्या एका रुग्णाला ताप आला आहे, त्याची जागा रिकामी झाली. हवी असेल तर आज दोनपर्यंत संमतीचा फॉर्म भरून आणून द्या. चार पानं आहेत, मेलवर पाठवली आहेत. रुग्णाची सही, घरच्या एका माणसाची सही, आणि रुग्णाला पाच वर्षं ओळखणाऱ्या एका बाहेरच्या साक्षीदाराची सही.

"मोबाइलवर दाखवला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"मोबाइलवर चालत नाही, आजी. कागद लागतो."

"आणि दोनला पाच मिनिटं कमी असताना आलो तर?"

"तर आलात. दोनला पाच मिनिटं जास्त झाली, तर पुढचा रुग्ण बोलावणार."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझ्या दिशेनं, म्हणजे कपड्यांच्या दांडीकडे, बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना गं? आपल्याकडे ते छापायचं यंत्र आहे की."

यंत्र होतं. चार वर्षांपासून होतं. ह्यांनी ते हौसेनं घेतलं आणि त्याच हौसेनं जपलं. आमच्या घरात वस्तू वापरायची नसते, राखायची असते. फ्रीजच्या दारावरचा कंपनीचा कागद अजून फ्रीजवर आहे. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि पिशवी फाटू नये म्हणून तिच्यावर रबर आहे. प्रिंटरला सासूबाईंनीच, डोळे बरे होते तेव्हा, फुलाफुलांचं झाकण शिवलं होतं. वर्षातून दोनदा झाकण धुतलं जाई. छापलं मात्र वर्षातून दोनदाही जात नसे. महिनाभरापूर्वी ह्यांनी शाईची नवी डबी आणून बसवली आणि एकही पान छापून बघितलं नाही. म्हणाले, "उगाच कशाला? नवी आहे ती."

मी झाकण काढलं, वायर लावली, कॉम्प्युटर उघडला. फॉर्म आलेला होता. मी 'छापा'वर टिचकी मारली. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कागद नसल्याची सूचना दाखवली. कागद तर चांगला गठ्ठाभर होता. मी तो बाहेर काढून पुन्हा ठेवला. कागद नाही. उलटा ठेवला. कागद नाही. आपल्याला समोर धडधडीत दिसणारी गोष्ट कुणी नाही म्हणत असेल आणि आपल्याला बोलायची सोय नसेल, तर मनुष्याची किती परीक्षा होते, ते त्या दिवशी कळलं.

"चालू झालं का?" सासूबाई म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून दोनदा दाबला. आमची खूण ठरलेली आहे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"मग वरच्यांना बोलावते. नाहीतरी साक्षीदार म्हणून ते लागणारच आहेत."

वरचे म्हणजे नोंदणीकाका. जन्मभर नोंदणी कचेरीत होते. गुडघ्यांमुळे त्यांची धाव वरच्या मजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत, त्याच्या खाली नाही. म्हणूनच बाहेरच्या दुकानातून छापून आणायची गोष्ट अवघड होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं दुकान बदलून मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केलेली. चौकापलीकडच्या दुकानावर 'उघडण्याची वेळ अकरा' अशी पाटी आहे, पण ती पाटी दुकान बंद असतानाच वाचायला मिळते. तिथे जा, छापा, परत या, काकांची सही घ्या आणि मग चाळीस मिनिटांचा बसचा प्रवास करून हॉस्पिटल गाठा. शिवाय घरात प्रिंटर असताना दुकानात जायचं म्हणजे ह्यांच्या चार वर्षांच्या राखणीवर बोळा फिरवणं.

सासूबाईंनी जिन्यात उभं राहून हाक मारली. काठीचा आवाज येऊ लागला, आणि बऱ्याच वेळानं त्यामागून काका आले.

त्यांनी प्रिंटरकडे बघितलं, मग गठ्ठ्यातला एक कागद बोटांत धरून कानाजवळ हलवला. "वहिनी, कागद सर्दावलाय. आवाज ऐका. कोरा कागद कडकडीत बोलला पाहिजे. सूनबाई, इस्त्री काढा."

मी इस्त्री काढली. दुसरा काही उपाय सुचत नसला की माणूस कशालाही इस्त्री करतो. वीस कागदांना मी हलक्या हातानं इस्त्री केली. गरम गरम कागद प्रिंटरला वाढले. ह्या वेळी प्रिंटरला कागद दिसला. इतका दिसला की त्यानं एका घासात तीन घेतले आणि ते घशात अडकले.

ते मी चिमटीनं ओढून काढले. त्यातल्या एकाचा कोपरा आत राहिला. तोही भुवयांच्या चिमट्यानं काढला. तेवढ्यात ह्यांचा ऑफिसातून फोन आला. सासूबाईंनी त्यांना आधी कळवलं होतंच.

"आई, तिला सांग, सगळं बंद करून चालू कर."

"केलंय म्हणते." मी हात एकदा दाबला होता.

"मग चालू करून बंद कर."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "ऑफिसात ह्याला बढती कशी मिळाली गं?" माझ्यावर हात दाबायची वेळ आली नाही, हे बरं झालं.

काकांचं म्हणणं निराळं होतं. "यंत्राला आपली घाई कळते. आमच्या कचेरीत शिक्क्याचं यंत्र होतं. पक्षकार रांगेत उभा राहिला की ते अडायचं, जेवायला गेला की चालायचं. आपण आता काही नडलेलं नाही असं दाखवायचं." म्हणून मी चहा केला आणि आम्ही तिघं प्रिंटरकडे पाठ करून चहा प्यायलो. काका पावसापाण्याच्या गोष्टी काढत होते. सासूबाई मुद्दाम मोठ्यानं "आम्हाला कुठे जायचंय? आम्ही निवांत आहोत," असं म्हणत होत्या. घड्याळात दहा पंचावन्न झाले होते. मी चहाच्या घोटाबरोबर देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी खोट होती. अर्धं लक्ष प्रिंटरकडे होतं.

आणि प्रिंटर चालू झाला! खर्रर्र करत एक पान बाहेर आलं. दुसरं आलं. तिसरं. चौथं. सासूबाईंनी बशी खाली ठेवली, हात पुढे केले आणि पानं उचलून छातीशी धरली.

"आलं बाई! छान आलंय अगदी. स्वच्छ आलंय."

स्वच्छ आलं होतं हे अक्षरशः खरं होतं. चारही पानं पांढरीशुभ्र, कोरी. पण मी हे सांगणार कशी? मी त्यांचा हात धरून दोनदा दाबला. त्यांना वाटलं, आनंदानं दाबतेय. "अगं हो हो, मलाही बरं वाटलं," असं म्हणून त्यांनी दिवाणावरचं पेन चाचपून घेतलं, शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात वळणदार सही केली आणि पान काकांकडे सरकवलं. "घ्या भाऊजी, साक्षीदाराची सही करा."

काकांनी चष्मा लावला. पान उलटं केलं, सुलटं केलं. मग त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही कोऱ्या कागदावर सही केलीत."

"कोरा कसला? छापलाय की."

"चौतीस वर्षं," काका म्हणाले, "चौतीस वर्षं मी लोकांना कळवळून सांगितलं, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि माझ्या खालच्या मजल्यावर, माझ्यासमोर!" त्यांनी ते पान चार घड्या घालून फाडलं, तुकडे पुन्हा फाडले आणि खिशात ठेवले. आमच्या केराच्या डब्यावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता.

इतका वेळ सासूबाई एखाद्या सहलीला निघाल्यासारख्या होत्या. आता हात मांडीवर ठेवून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला खरंच छापल्यासारखं दिसलं गं." मला वाईट वाटलं. पान कोरं होतं त्यापेक्षाही, कोरं आणि छापलेलं त्यांना सारखंच दिसत होतं याचं जास्त.

मी कंपनीच्या मदतीच्या क्रमांकाचा कागद शोधून काढला, नंबर फिरवला आणि फोन मोठ्या आवाजावर करून सासूबाईंच्या हातात दिला. दहा मिनिटं गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली. आवाज गोड होता, पण सकाळपासून वापरलेला.

"मॅडम, प्रिंटरच्या मागे नंबर आहे, तो सांगाल का?"

मी यंत्र वळवलं आणि नंबर बोटानं सासूबाईंच्या तळहातावर लिहू लागले. "चार," त्या म्हणाल्या. "सात. शून्य... अगं हळू, गुदगुल्या होतात!" आणि हसू लागल्या.

"मॅडम, आपण हसताय का?"

"नाही हो, सून लिहितेय."

"बरं. समोर दिवा लागलाय, तो कोणत्या रंगाचा आहे?"

"बाई, मला सगळेच दिवे लोकरीच्या गोळ्यासारखे दिसतात. रंगाचं मला विचारू नका."

"घरात दुसरं कुणी आहे का?"

"आहे की, सून आहे. इथेच बसलीय."

"मग त्यांच्याकडे फोन द्या ना."

"ती बोलत नाही."

मग मुलीनं आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्याशी?"

"कुणाशीच नाही. बारापर्यंत."

"आमच्या घरी तर संध्याकाळपर्यंत चालतं, मॅडम," ती मुलगी म्हणाली आणि पहिल्यांदाच माणसासारखी हसली.

मग काकांनी फोन घेतला. पण त्यांनी आधी तिचं पूर्ण पद विचारलं, मग तिला अधिकार कुणी दिला ते विचारलं, आणि तक्रारीला जावक क्रमांक मागितला. यात आणखी नऊ मिनिटं गेली. मुलगी चांगली होती, पण तिलाही मर्यादा असणार. शेवटी काकांनी फोन सासूबाईंना परत दिला, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, फोनवर नीट कळत नाहीये. मी माणूस पाठवते. सोमवारी दुपारी चालेल?"

घड्याळात अकरा चाळीस. वीस मिनिटं होती. मी सासूबाईंच्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो घट्ट धरला. त्यांना कळलं होतं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांचा नेम माझ्या डोळ्यापायी मोडायचा नाही. तापात मोडला नाहीस, बहिणीच्या मुलाच्या लग्नात मोडला नाहीस. चार महिने काय, जातील. दिसतंय तेवढं दिसतंय. सोमवारी पाठवा बाई तुमचा माणूस."

मी देवाकडे बघितलं. देव काही म्हणाला नाही. त्याचं मौन माझ्यापेक्षा जुनं आहे. मला एकदम जिन्यातल्या त्या चुकलेल्या पायरीची आठवण झाली. मनाशी ठरवलं, मोडायचाच तर नामस्मरणानं मोडू. पहिला शब्द तरी देवाचा असू दे. तोंड उघडलं, आणि अकरा वर्षं साठलेल्या सकाळींतून शब्द बाहेर पडले ते असे:

"सोमवार कसला डोंबलाचा!"

काकांच्या हातातली काठी पडली. सासूबाई माझ्याकडे, ह्या वेळी बरोबर माझ्याकडे, बघत राहिल्या. पण बोललेलं गिळता येत नाही. मी फोन घेतला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माफ करा हं. मी सून बोलतेय. कोरी पानं येताहेत आणि आम्हाला आत्ताच्या आत्ता छापायचंय."

"हां, असं सांगा ना!" मुलगी म्हणाली. "शाईची डबी अलीकडे बदललीत? ती बाहेर काढा. खाली तांब्याच्या रंगाची पट्टी दिसतेय?"

"दिसतेय."

"तिच्यावर काही चिकटवलेलं आहे?"

मी उजेडात धरून बघितलं. काकांनी भिंगातून बघितलं. "नाही. काहीच नाही."

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि डबी मागून घेतली. मला वाटलं, ह्या काय बघणार? त्यांनी डोळे मिटून घेतले, गहू निवडतात तसं बोट एकदा फिरवलं आणि म्हणाल्या, "आहे की. हे काय टोक. पापुद्र्यासारखं आहे."

पारदर्शक चिकटपट्टी होती. शाईच्या तोंडावरच. ती लावलेली असताना शाई बाहेर येणं म्हणजे बूच न काढता बाटलीतून पाणी पिणं.

"काढू का?" मी मुलीला विचारलं. "कंपनीनं लावलेली आहे."

मुलगी एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "मॅडम, काढा."

पण आमच्या घरात कंपनीनं चिकटवलेलं काही असं उठून काढत नाहीत. मी दुसऱ्या फोनवरून ह्यांना विचारलं. हे ओरडलेच. "काढू नका! मी मुद्दाम ठेवलीय ती. नव्या वस्तूचं संरक्षण असतं ते. शाई उडून जाईल!"

सासूबाईंनी ते ऐकलं. "त्याला म्हणावं, तू जन्मलास तेव्हा तुझ्यावरही पुष्कळ काय काय होतं, मी तेही पुसून काढलं होतं." आणि त्यांनी नखानं टोक धरून पट्टी सर्रकन ओढली.

चार पानं छापून आली. जराशी तिरकी, दुसऱ्या पानाला डाग, पण पांढऱ्यावर पांढरं नव्हे, पांढऱ्यावर काळं. सासूबाईंनी सही केली, मी केली. काकांचं मात्र साक्षीदाराचं कर्तव्य आता पेटलं होतं. त्यांनी चारही पानं पहिल्या शब्दापासून वाचली, तीन ठिकाणी स्वल्पविराम घातले, 'रुग्ण शुद्धीवर आहे का?' याच्यापुढे स्वतः खात्री करण्यासाठी सासूबाईंना आजचा वार विचारला आणि मग, एक वाजता, सही केली.

बस मिळाली, गर्दी नव्हती. आम्ही हॉस्पिटलच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा दोनला सहा मिनिटं होती. खिडकीतल्या कारकुनानं पानं घेतली, सह्या मोजल्या, मान डोलावली. मग खिशातून मोबाइल काढला, चारही पानांचे फोटो घेतले आणि पानं मला परत दिली.

"हे आमच्याकडे राहू दे?" मी विचारलं.

"न्या की. इथे कागद ठेवायला जागा कुठे आहे, ताई? परवा सकाळी सातला आणा आजींना."

मी काही बोलले नाही. बारा वाजून गेले होते, तरीही.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावरची पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या, ताजं, छापल्या सकाळचं. मी नेम पुन्हा धरला होता, आणि मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून वेळ एक वाजेपर्यंत वाढवली होती. मी समोर बसून भाजी निवडत होते. हे आंघोळीहून येताना ओला टॉवेल माझ्या घडी केलेल्या कपड्यांवर टाकून गेले. मग भाजीवाला दारात येऊन कालच्या भाजीला आजची म्हणून गेला. मग काका येऊन प्रिंटर त्यांच्या इस्त्रीच्या युक्तीमुळेच चालला असं सांगून गेले. मी गप्प होते. शांत होते.

थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं. सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं आणि त्या एका डोळ्यानं टक लावून माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "दीड वर्ष नीट दिसलं नव्हतं, आणि त्याआधी कधी निरखून बघितलं नव्हतं. मला वाटायचं, तू सकाळी देवाचं नाव घेतेस." त्या पुढे झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं सगळं बोलतेस होय गं तू!"

हल्ली मी भाजी भिंतीकडे तोंड करून निवडते.